कटिशूलाआड दडलेले अर्बुद

मज्जारज्जूचे अर्बुद ही आपल्या चिकित्सालयात रोज येणारी व्याधी नव्हे. दीर्घकाळ व्यवसाय केलेल्या वैद्यालाही असे रुग्ण मोजकेच भेटतात, आणि त्यांतील काहींचे अंतिम निदान त्याच्या कानापर्यंत येतही नाही. रुग्ण येईनासा होतो, एवढेच कळते. अशा विरळ व्याधीसाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही व्यवसायबंधू विचारतील. आमच्या मते अवश्य घालावीत. या रुग्णाचे भवितव्य शस्त्रक्रियागृहात ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः शस्त्रक्रियेच्या मेजावर तो कोणत्या अवस्थेत पोहोचतो यावर ते फार मोठ्या अंशी ठरते. आणि त्या आधीच्या महिन्यांत तो पुष्कळदा आपल्याच ओसरीवर बसलेला असतो, कटिबस्तीसाठी आपला क्रमांक येण्याची वाट पाहत.

प्रथम व्याधीचे स्वरूप थोडक्यात पाहू. पाठीच्या कण्यातील अर्बुदे स्थानभेदाने तीन प्रकारची. मज्जारज्जूच्या कठीण आवरणाबाहेरची, ज्यांत अन्यत्रच्या कर्करोगाचे कण्यात उतरलेले विकारच अधिक. आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर वाढणारी, म्हणजे मुख्यतः श्वानोमा व मेनिंजिओमा. आणि रज्जूच्या गाभ्यातच निर्माण होणारी, म्हणजे एपेंडायमोमा, ॲस्ट्रोसायटोमा आणि हिमँजिओब्लास्टोमा. या तिसऱ्या प्रकाराचे प्रमाण केंद्रीय मज्जासंस्थेच्या सर्व अर्बुदांत शेकडा २ ते ४ इतकेच आहे. प्रौढांत एपेंडायमोमा अधिक, बालकांत ॲस्ट्रोसायटोमा अधिक. यांतील बहुतेक अर्बुदे मंदगतीने वाढतात. ही मंदगती शल्यकर्त्याला उपकारक ठरते, परंतु निदानाच्या बाबतीत तीच घातक होते; कारण वर्षानुवर्षे टिकणारे आणि मधूनमधून कमी होणारे दुखणे रुग्णाला आणि वैद्यालाही साधेच वाटू लागते.

या चिकित्सेचा इतिहास बोलका आहे. मज्जारज्जूवर दाब आणणारे अर्बुद निदान करून यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडन येथे जून १८८७ मध्ये झाली. निदान विल्यम गॉवर्स यांचे, शस्त्रकर्म व्हिक्टर हॉर्स्ले यांचे. रुग्ण लष्करी पेशातील गृहस्थ होते. सुमारे तीन वर्षे ते पाठीच्या वेदनेने त्रस्त होते आणि अनेक चिकित्सकांकडे फिरून आले होते. शेवटच्या काही महिन्यांत पाय लुळे पडले, मूत्रावरील ताबा गेला, तेव्हा कुठे खरे निदान झाले. हॉर्स्ले यांनी अपेक्षित पातळीवर कणा उघडला, तर तेथे काहीच सापडेना. मग आणखी वरचे हाड काढल्यावर बदामाएवढी गाठ हाती आली. वर्षभरात ते गृहस्थ चालू लागले आणि कामावरही रुजू झाले. गाठ लक्षणांच्या पातळीपेक्षा बरीच वर असू शकते, हे त्या दिवशी दिसले. एकशे अडतीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्यापुढे येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत अडचण नेमकी हीच आहे, हे पुढे स्पष्ट करू.

रज्जूच्या गाभ्यातील अर्बुद काढण्याचे धाडस पुढे १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे आयझेल्सबर्ग यांनी केले. न्यूयॉर्कच्या एल्सबर्ग यांनी १९११ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली. पहिल्या वेळी रज्जूला छेद देऊन थांबायचे, काही दिवसांत गाठ स्वतःहून बाहेर सरकली की दुसऱ्या वेळी ती काढायची. अतिशय नाजूक धातूशी वागताना घाई न करण्याची ही वृत्ती आपल्याला परकी वाटू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रकर्म, रक्तस्राव रोखणारी द्विध्रुवी उपकरणे आणि १९८० च्या दशकात एमआरआय आला. आता शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जातंतूंतून जाणाऱ्या विद्युत्संदेशांवर सतत लक्ष ठेवले जाते. संदेश क्षीण झाले तर शल्यकर्ता हात थांबवतो.

परिणामांविषयी बोलताना सर्व अर्बुदांना एकाच तागडीत तोलणे चूक आहे. श्वानोमा आणि मेनिंजिओमा पूर्णपणे काढता येण्याजोगे असतात. पाठीच्या वरच्या भागातील मेनिंजिओमा मध्यम व उतारवयातील स्त्रियांत विशेष आढळतो. चालण्यातील अडखळणे घरच्यांनी गुडघ्यांच्या माथी मारलेले असते. अशा वृद्ध स्त्रिया, अगदी अंथरुणाला खिळल्यानंतरही, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालू लागल्याची उदाहरणे शल्यसाहित्यात विपुल आहेत. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य त्यांच्या बाबतीत उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही. एपेंडायमोमा गाभ्यातला असूनही त्याला भोवतालच्या रज्जूपासून वेगळी करणारी सीमा बहुधा असते, म्हणून तो पूर्ण काढता येतो आणि पूर्ण निघाल्यास बहुसंख्य रुग्णांत किरणोपचाराचीही गरज लागत नाही. ॲस्ट्रोसायटोमा मात्र धातूत झिरपत वाढतो; गाठ कोठे संपली आणि रज्जू कोठे सुरू झाला हे सूक्ष्मदर्शकाखालीही ठरत नाही. त्यामुळे मर्यादित छेदन, तपासणी आणि किरणोपचार एवढ्यावर थांबावे लागते. त्यातील उच्च श्रेणीचे प्रकार आजही असाध्य कोटीत मोडतात. हिमँजिओब्लास्टोमा रक्तवाहिन्यांचा असतो. काही रुग्णांत तो फॉन हिपेल-लिंडाऊ नावाच्या आनुवंशिक विकाराचा भाग असतो. त्या विकारातील अर्बुदांसाठी बेल्झुटिफॅन या तोंडावाटे घेण्याच्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मज्जारज्जूच्या अर्बुदावर औषधाचा उपयोग झाल्याचे हे विरळा उदाहरण, तेही एका विशिष्ट विकारापुरते.

या सर्व भेदांतून एक गोष्ट समान उरते. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्ण जितका चालता होता, साधारणतः तेवढाच तो नंतर राहतो. १९९० मध्ये मॅक्कॉर्मिक यांनी गाभ्यातील अर्बुदांच्या रुग्णांची कार्यक्षमतेनुसार चार श्रेणींत विभागणी सुचवली. शल्यकर्ते आजही ती वापरतात. पहिल्या श्रेणीतला, म्हणजे सामान्यपणे चालणारा रुग्ण शस्त्रक्रियेला गेला तर तो बहुधा चालताच परत येतो. चौथ्या श्रेणीतला, पाय गमावून बसलेला रुग्ण गेला तर अर्बुद निघते, पण पाय परत येण्याची आशा फार थोडी असते. बाहेरून दाबणाऱ्या गाठींत ही आशा अधिक, गाभ्यातल्या गाठींत कमी. शस्त्रक्रियेनंतर लगेच काही काळ बधिरता व दुबळेपणा वाढतो, आणि तो ओसरण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. काहींत थोडा दोष कायमचाही राहतो. हे लपवण्याचे कारण नाही. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष एकच: रुग्ण पहिल्या श्रेणीत असतानाच तो पुढे गेला पाहिजे.

आता आपल्या चिकित्सालयाकडे येऊ. कंबरेचे दुखणे, मांडीत उतरणारी कळ, पायाला मुंग्या अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आपण गृध्रसी वा कटिगत वात हे नाव देतो, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पण नाव दिल्याने तपासणी संपते, ही खरी अडचण. रुग्णाने सोबत आणलेला कंबरेच्या मणक्यांचा एमआरआय आपण पाहतो. त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती किंचित सरकलेली दिसते. दोघांचेही समाधान होते. येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, चाळिशीपुढील कित्येक निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्याजवळ संपतो. पाय ताठ झाले असतील, गुडघ्याखाली हातोडी मारताच पाय उसळत असेल, तळव्याच्या कडेवरून किल्ली ओढल्यावर अंगठा वर वळत असेल, तर दोष रज्जूतच आहे आणि रज्जू त्या कटीच्या छायाचित्रात जवळजवळ नाहीच. गाठ पाठीत किंवा मानेत बसलेली असते आणि आपण कंबरेची चकती पाहत बसतो. हॉर्स्ले यांना आणखी वरचे हाड काढावे लागले होते; आपल्याला फक्त आणखी वरचे छायाचित्र मागवायचे आहे. अशा वेळी संपूर्ण कण्याचा एमआरआय, आणि अर्बुदाची शंका असल्यास कॉन्ट्रास्टसह, हाच योग्य आदेश.

उलट, रज्जूच्या शेपटाशी, तंतूंच्या झुपक्यात वाढणारा मिक्सोपॅपिलरी एपेंडायमोमा कंबरेच्या एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो, पण साध्या एक्स-रेत बहुधा काहीच आढळत नाही. हा तरुणांत आढळतो. वर्षानुवर्षे कंबर दुखते, एक्स-रे निर्दोष, म्हणून तरुणाला ‘बैठे काम कमी करा’ असा सल्ला मिळत राहतो. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात याची श्रेणी एकवरून दोन करण्यात आली, कारण तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. आवरण अखंड ठेवून तो एकसंध काढला तर उत्तम परिणाम मिळतो. आवरण फुटले तर पुनरुद्भवाची आणि इतरत्र पसरण्याची भीती वाढते. लहान असताना तो एकसंध निघतो, मोठा झाल्यावर ते कठीण होते. येथेही काळ हाच मुद्दा.

रुग्णाला विचारण्याच्या गोष्टी फार नाहीत. चकतीचे दुखणे आडवे झाल्यावर बहुधा शमते. अर्बुदाचे दुखणे आडवे झाल्यावर आणि रात्री वाढते, रुग्ण उठून खुर्चीत बसून रात्र काढतो. चप्पल पायातून निसटते पण कळत नाही, हे स्त्रिया सांगतात. मात्र विचारल्याशिवाय नाही. अंघोळीच्या पाण्याचा गरमपणा एका पायाला कळतो, दुसऱ्याला नाही. मूत्राला बसल्यावर वेळ लागतो. वृद्ध पुरुषात हे सरळ प्रोस्टेटच्या खाती जमा होते. लहान मुलाची मान तिरकी होणे किंवा कणा वाकू लागणे, हेही त्यातलेच. हातोडी, टाचणी आणि रुग्णाला खोलीभर एका रेषेत चालवून पाहणे, याला पाच मिनिटे पुरतात. नाडीपरीक्षेइतकीच ही परीक्षाही आपली आहे, बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात ती आपण शिकलो आहोत. अशी लक्षणे आढळली म्हणजे अर्बुदच असेल असे नाही. कण्याचा क्षय आपल्याकडे त्याहून कितीतरी अधिक आढळतो, आणि शाकाहारी मंडळींत बी-१२ च्या अभावानेही रज्जू बिघडतो. परंतु त्या प्रत्येकाची चिकित्सा वेगळी आहे आणि कटिबस्ती ही त्यांपैकी कोणाचीच पहिली चिकित्सा नाही.

‘आमचे शास्त्र याला काय म्हणते’ असा प्रश्न अपेक्षित आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे; ते पिकत नाही, खोलवर मूळ धरते, मंद वाढते, एकाच्या जागी दुसरे उद्भवते, हे सारे तेथे सांगितले आहे. चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत आवरणाचा विचार आहे. आमच्या मते मज्जारज्जूच्या अर्बुदात वायूचा मार्ग अडलेला असतो. ही धातुक्षयजन्य वातवृद्धी नव्हे. अडलेल्या वायूवर नुसते स्नेहन-बृंहण करीत राहणे हे आपल्याच शास्त्राच्या विरुद्ध जाते. या मताशी काही विद्वान सहमत होणार नाहीत. त्यांनी आपले विवेचन जरूर पाठवावे. परंतु एका बाबतीत दुमत होऊ नये. चरकाचार्य कायचिकित्सेचे, तरीही गुल्म पक्व झाल्यावर तो धान्वंतर संप्रदायाच्या शल्यज्ञांच्या अधिकाराचा विषय आहे, असे त्यांनी गुल्मचिकित्सेत निःसंकोचपणे म्हटले आहे. रुग्ण योग्य हाती सोपवणे हा वैद्याचा कमीपणा होय, ही समजूत आपल्या परंपरेतील नाही. ती अलीकडची, व्यवसायातील चढाओढीतून आलेली आहे.

याहून नाजूक बाब आहे ती वैद्याच्या शब्दाची. ‘मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस लुळा होतो’ ही भीती खेड्यापाड्यांत आणि शहरांतही घट्ट रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. सूक्ष्मदर्शकापूर्वीच्या काळातले परिणाम पाहून ती जन्मली. न्यूरोसर्जनने शस्त्रक्रिया सांगितली की रुग्ण थेट घरी जात नाही, तो आपल्याकडे येतो आणि विचारतो, ‘वैद्यबुवा, आपल्याकडे काही होईल का?’ त्या क्षणी ‘तीन महिने औषध घेऊन पाहू’ असे म्हटले की रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि आपल्याला दुवा देतो. ते तीन महिने त्याच्या पायांचे असतात. मज्जारज्जूतील अर्बुद आपल्या एखाद्या कल्पाने विरघळल्याचा, पूर्वीच्या आणि नंतरच्या एमआरआयसह तपासता येईल असा विश्वासार्ह पुरावा आपल्यापाशी नाही. नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या ‘पक्षाघात बरा झाला’ अशा यशोगाथांत अर्बुद कोणत्या जातीचे होते, रुग्ण सोबत स्टेरॉइड घेत होता काय, किती महिन्यांनी पुन्हा पाहिले, याचा उल्लेख क्वचितच असतो. अशा लेखांना या त्रैमासिकानेही पुढे जागा देऊ नये असे आम्ही सुचवतो. ज्यांना खरोखर अनुभव आला असेल त्यांनी छायाचित्रे, ऊतीपरीक्षेचा अहवाल आणि रुग्णाची श्रेणी यांसह लिहावे. त्याचे स्वागतच होईल.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदू व कण्याच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे, आणि रुग्णाला त्याची माहिती बहुधा नसते. ‘ऑपरेशन परवडणार नाही’ हे ऐकून गप्प बसण्याऐवजी शिधापत्रिका घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे जा, एवढे सांगणे आपल्या हातचे आहे.

औषधी दुकानदार बंधूंना दोन शब्द. महायोगराज गुग्गुळ, एकांगवीर रस, महावातविध्वंसन, वर महानारायण तेलाची बाटली, असा जुन्या चिठ्ठीवरचा संच दर महिन्याला नेणारे गिऱ्हाईक आपल्या ओळखीचे असते. वैद्याने त्याला सहा महिन्यांत पाहिलेले नसते. आपण मात्र दर महिन्याला पाहतो. पहिल्यांदा तो चालत आला, मग काठी टेकत आला, आता औषध न्यायला त्याचा मुलगा येतो. हा बदल गावात सर्वांत आधी आपल्याला दिसतो. चिठ्ठी परत करून ‘आधी वैद्यांना दाखवून या’ असे म्हणण्यात एका महिन्याची विक्री जाईल, ती जाऊ द्यावी. दुसरी बाब अधिक गंभीर. वातावरच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, हे आपल्या व्यवसायातील उघड गुपित आहे. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड अर्बुदाभोवतीची सूज उतरवते; पाय काही दिवस हलके होतात, कळ थांबते. ‘गुण आला’ म्हणून रुग्ण महिनोन्महिने तीच पुडी घेतो आणि गाठ निवांत वाढत राहते. साध्या कटिशूलात ही भेसळ अपायकारक, रज्जूच्या अर्बुदात ती जीवघेणी फसवणूक. शिवाय १९५४ च्या औषधी व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग, पक्षाघात आणि अर्बुदे ही तिन्ही आहेत. ‘सर्व प्रकारच्या गाठी विरघळवणारे’ असे पत्रक दुकानाच्या काचेवर चिकटवताना हे ध्यानात असू द्यावे. कांचनार गुग्गुळ ग्रंथि-अर्बुदाच्या पाठात येतो, हे त्या पत्रकाचे समर्थन होऊ शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आपले काम संपते असे मात्र आम्ही म्हणत नाही. किंबहुना तेथे ते सुरू होते. रुग्णालयातून घरी आलेल्या या माणसाला महिनोन्महिने पुनर्वसनाची गरज असते: बद्धमल, मूत्राची अडचण, पायांतील जखडण, अंथरुणाचे व्रण, झोप आणि मनाची उभारी. मृदू अभ्यंग, आहारनियोजन, बद्धमलावर योग्य ते अनुलोमन आणि भौतिकोपचारतज्ज्ञांशी समन्वय, यांत आपला हात फार उपयोगी पडतो. ज्यांचे अर्बुद असाध्य कोटीतले आहे त्यांच्या घरी तर वैद्याची नियमित भेट हाच मोठा आधार. मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. शल्यकर्त्याची लेखी संमती मिळेपर्यंत व्रणाच्या जागी मर्दन वा बस्तिकर्म नको. किरणोपचार चालू असताना त्या त्वचेवर कोणतेही तेल वा लेप लावण्यापूर्वी किरणोपचारतज्ज्ञांना विचारावे, आणि रसौषधींबाबतही त्यांना अंधारात ठेवू नये. सर्वांत मोठा धोका स्वेदनाचा. या रुग्णांची उष्णतेची जाणीव अंशतः किंवा पूर्णतः गेलेली असते. पत्रपिंडाची पोटली चटका देत आहे हे त्याला कळत नाही. तो शांत पडून राहतो आणि संध्याकाळी पायावर फोड आलेले दिसतात. बधिर कातडीवरचा असा दाह भरून यायला महिने घेतो. म्हणून पोटलीची उष्णता सहायकाने प्रत्येक वेळी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावी, आणि टाचणीची परीक्षा करून बधिर भागाची सीमा केसपेपरवर आकृती काढून नोंदवावी. ती आकृती स्वेदनकक्षातील सहायकाला दाखवल्यावाचून रुग्णाला आत पाठवू नये.